नऊ टक्के

कळव्याच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
आयसीयूच्या बाहेर एकच प्लग चालायचा.
बाकीचे तीन नुसतेच भिंतीचे डोळे.

त्या रात्री माझा फोन दोन टक्क्यांवर होता
आणि भाऊ आत.
तो किती टक्क्यांवर, ते कुणी सांगत नव्हतं.

प्लगला एका म्हाताऱ्याचा फोन लागलेला.
काच तडकलेली, मागे फुलपाखराचा स्टिकर,
नातीचा जुना असावा.
मी काही मागितलं नाही. मागायची सवयच नाही,
कढीपत्तासुद्धा मी शेजारी मागत नाही.
त्याने माझ्या हातात लोंबणारी वायर पाहिली
आणि स्वतःची उपटली.

"लाव. आदी तुजा लाव."
"काका, तुमचा नऊच टक्के झालाय."
"ऱ्हाव दे. मना कोन फोन करतंय?"

मग घडी केलेल्या पेपरावर बसून राहिला,
दाराकडे बघत,
जसं खाडीकडे बघत बसतात भरतीच्या आधी.

पावणेतीनला फोन वाजला.
वहिनीचा मावसभाऊ, ऐरोलीच्या पुलावरून:
दोन पिशव्या मिळाल्या, कुठल्या गेटने येऊ?
मागच्या, म्हटलं.
चौदा सेकंद.

भाऊ त्या प्लगमुळे वाचला असं मी म्हणणार नाही.
डॉक्टर होते. सलग दोन पाळ्या उभी राहिलेली
बिजिमोल नावाची सिस्टर होती.
घोडबंदरच्या त्या वळणावर डोक्यात हेल्मेट होतं.
पण कधी हिशेब मांडायला बसले
की त्या चौदा सेकंदांपाशी पेन अडतं.

सकाळी खालून चहा आणला, दोन कप.
पेपर होता. तो नव्हता.
तिथून बाहेर पडायला वाटा दोन,
एक रिक्षांकडे जाते,
एक मागे, जिथे पांढरी गाडी उभी असते.
तो कुठल्या वाटेने गेला
हे वॉचमनला ठाऊक असणार.
मी विचारलं नाही.
दुसरा कपही मीच प्यायले, गार झालेला.

महिन्याभराने जांभळी नाक्यावरून
चार पॉइंटचा बोर्ड घेतला, पांढरा, पाच मीटर वायरचा.
नवरा म्हणाला, घरात आहे की एक.
तिसऱ्या मजल्यावर नेऊन लावला.
वॉचमन म्हणाला, परवानगी?
आणि लगेच त्याला जिन्यात काहीतरी काम निघालं.

मध्ये चार वर्षं गेली.
परवा पेडणेकर वहिनींचा डबा घेऊन गेले,
तोच मजला.
बोर्ड होता. लाल. सहा पॉइंटचा.
माझा नव्हता.

"तुमचा कधीच गेला, मॅडम," वॉचमन म्हणाला.
(ओळखलं त्याने. मला वाटलं नव्हतं.)
"मग कोणीतरी काळा आणला, तो जळाला.
एक चोरीला गेला. हा चौथा."
कोण आणतं?
"मी बघत नाय."

सहाच्या सहा पॉइंट भरलेले.
एकाची वायर आखूड,
खाली फरशीपर्यंत पोचत नव्हती,
म्हणून वागळे इस्टेटच्या कुठल्याशा कंपनीचा शर्ट घातलेला एक माणूस
तो फोन तळहातावर धरून उभा होता,
मूर्तीला नैवेद्य दाखवावा तसा.
त्याचा नव्हता तो. कुणाचा, त्यालाही माहीत नव्हतं.
कुणीतरी दोन मिनिटं धरा म्हणून
औषधं आणायला गेलं होतं.

फोन उजळला. काचेवर एवढंच: आई.

त्याने इकडेतिकडे पाहिलं,
घसा साफ केला
आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,
"कुणाची आई आहे?"

बाकांवरची पाच-सहा माणसं
एकदम उठून उभी राहिली.